गणिताचा पेपर: येणाऱ्या प्रश्नांचे मार्क कुठे गळतात

जे मुळात येतच नाही त्याला परीक्षेच्या वेळी इलाज नसतो. पण विद्यापीठाच्या गणिताच्या उत्तरपत्रिका तपासताना दिसतं की भरपूर मार्क येत असलेल्या प्रश्नांवरच जातात. प्रमेयाची अट लिहिलेली नसते, चल बदललेला असतो पण संकलनाच्या सीमा तशाच असतात, सिद्धता डोक्यात पूर्ण असते आणि कागदावर अर्धीच उतरते. ही गळती थांबवता येते.

आधीच्या दोन आठवड्यांत

सोडवलेली उदाहरणं नुसती वाचत बसू नका. वाचताना सगळं कळतंय असं वाटतं आणि कोऱ्या कागदासमोर पहिली ओळ सुचत नाही. प्रत्येक व्याख्या पुस्तक मिटून शब्दशः लिहून काढा आणि मग ताडून पाहा. 'प्रत्येक' आणि 'असा एक तरी' यांचा क्रम चुकला तर व्याख्याच वेगळी होते. साध्या सातत्यात डेल्टा बिंदूनुसार बदलला तरी चालतो. एकसमान सातत्यात सगळ्या बिंदूंना मिळून एकच डेल्टा लागतो.

प्रमेयं पाठ करताना प्रत्येक अटीशेजारी ती अट काढली तर काय बिघडतं याचं एक उदाहरण लिहून ठेवा. मध्यमान प्रमेयाला बंद अंतरालावर सातत्य आणि उघड्या अंतरालावर विकलनीयता लागते. −१ ते १ मध्ये एक्सचं केवल मूल्य घेतलं की दुसरी अट ० जवळ मोडते आणि निष्कर्षही खोटा ठरतो. 'चूक की बरोबर, कारण द्या' या प्रश्नांना हीच उदाहरणं कामी येतात. तिथे लांबलचक चर्चा नको, एक ठोस प्रतिउदाहरण पुरतं. मात्र ते खरोखर प्रतिउदाहरण आहे हे दोन ओळींत दाखवावं लागतं. 'पदं शून्याकडे जातात म्हणून श्रेणी अभिसारी' हे खोडायला १/एन ची श्रेणी द्या, आणि तिची पदं शून्याकडे जातात व ती अपसारी आहे, या दोन्ही गोष्टी लिहा.

जुने पेपर घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवा. तुकड्या-तुकड्यांनी सोडवलेल्या पेपरावरून वेळेचा अंदाज येत नाही.

पेपर हातात आल्यावर

पेपर तीन तासांचा आणि १०० मार्कांचा धरू. सुरुवातीची दहा मिनिटं वाचनाला आणि शेवटची दहा तपासणीला ठेवली की १६० मिनिटं उरतात, म्हणजे मार्काला १.६ मिनिटं आणि दहा मार्कांच्या प्रश्नाला १६. हा आकडा प्रश्नपत्रिकेच्या समासात लिहून ठेवा. किती प्रश्न सोडवायचे, कोणता सक्तीचा, हे सूचनांतून नीट पाहून घ्या. वाचताना प्रत्येक प्रश्नाला खूण करा: पूर्ण येतो, अर्धा येतो, येत नाही. सुरुवात पूर्ण येणाऱ्यापासून करा, पण तो सुबक करण्याच्या नादात २५ मिनिटं घालवू नका.

तीन-चार मिनिटं नवी ओळ सुचली नाही तर जागा सोडून पुढे जा. सोडण्यापूर्वी संबंधित व्याख्या, काय दिलंय आणि काय दाखवायचंय एवढं लिहा. मार्क स्टेपनुसार दिले जात असतील तर तेवढ्याचेही थोडे मिळू शकतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 'अ' मध्ये एखादं विधान 'दाखवा' असं असेल आणि ते जमलं नाही, तरी 'अ वरून' असं स्पष्ट लिहून ते 'ब' मध्ये वापरता येतं. 'अ' अडला म्हणून 'ब' सोडणं हा शुद्ध तोटा आहे.

सिद्धता लिहिताना

सिद्ध करायचं विधान पहिल्या ओळीत गृहीत धरून खाली ० = ० पर्यंत यायचं, ही फार जुनी खोड आहे. त्यातली एखादी पायरी उलटत नसेल, उदाहरणार्थ मध्ये दोन्ही बाजूंचा वर्ग केला असेल, तर काहीच सिद्ध होत नाही. उलटं गणित रफमध्ये करा आणि उत्तरात सुलट लिहा.

एप्सिलॉन-डेल्टात हे नेमकं दिसतं. 'एक्सचा वर्ग' हे फल ३ या बिंदूवर संतत आहे, असं दाखवायचंय. फरकाचे अवयव पाडले की (एक्स − ३) आणि (एक्स + ३) मिळतात. इथे घाईत डेल्टा = एप्सिलॉन/(एक्स + ३) असं लिहिलं जातं आणि सिद्धता तिथेच कोसळते, कारण डेल्टा एक्सवर अवलंबून असून चालत नाही; तो एक्सच्या आधी ठरतो. म्हणून एक्सला आधी कोंडा: एक्स ३ पासून १ पेक्षा कमी अंतरावर असेल तर तो २ आणि ४ च्या मधे राहतो, म्हणजे (एक्स + ३) हे ७ पेक्षा कमी. मग डेल्टा = १ आणि एप्सिलॉन/७ यांतला लहान. उत्तराची पहिली ओळ 'एप्सिलॉन > ० दिलेला आहे', दुसरी डेल्टाची निवड, आणि मग फरक ७ × एप्सिलॉन/७ पेक्षा, म्हणजे एप्सिलॉनपेक्षा, लहान. ७ कुठून आला हे एका ओळीत सांगायलाच हवं.

आकडेमोडीचे प्रश्न

इथे स्वस्तातली पडताळणी करता येते, तरी ती फारसं कुणी करत नाही. मॅट्रिक्सच्या ओळी (४, १) आणि (२, ३) असतील तर आयगेन मूल्यांची बेरीज कर्णावरच्या बेरजेइतकी, ७, आणि गुणाकार डिटर्मिनंटइतका, १०, यायला हवा. ५ आणि २ दोन्हींत बसतात. आयगेन सदिश काढताना सगळे घटक शून्यच येऊ लागले तर सदिश शोधत बसू नका. आयगेन मूल्य किंवा ओळींची वजाबाकी चुकली आहे. ५ साठी (१, १) आला की मॅट्रिक्सने गुणून पाहा: (५, ५) मिळतो, काम झालं.

संकलनात चल बदलला की सीमाही लगेच, त्याच ओळीत बदला. ० ते १ मध्ये २एक्स गुणिले (१ + एक्सवर्ग) चा घन, यात कंस म्हणजे यू घेतला तर सीमा १ ते २ होतात आणि उत्तर १५/४ येतं. जुन्याच सीमा ठेवल्या तर १/४. एक्स = ०.५ ला फल जवळपास १.९५ असतं आणि पुढे ते वाढतच जातं, तेव्हा एकट्या उत्तरार्धाचंच क्षेत्र ०.९७ च्या वर जातं. १/४ शक्यच नाही हे तेवढ्यावरून कळतं.

विकलक समीकरणात वायच्या वर्गाने भागलंत तर वाय = ० हे उत्तर हातातून निसटतं; ते वेगळं लिहा. स्थिरांक संकलन केल्या क्षणी लिहा, शेवटी चिकटवलेला चुकीच्या जागी पडतो. लोपितालचा नियम लावण्याआधी ०/० किंवा अनंत/अनंत आहे का हे पाहा. शून्याकडे जाताना कोसाइन एक्स भागिले (एक्स + १) याचं लिमिट १ आहे. नियम आंधळेपणाने लावला तर ० येतं. कॅल्क्युलेटर चालत असेल तर तो रेडियनवर आहे ना, तेही बघा.

शेवटच्या दहा मिनिटांत नवा प्रश्न सुरू करू नका. आधी प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्न तपासा, मग चिन्हं, मग सोडलेल्या जागा. चुकलेला भाग एका तिरप्या रेघेने खोडा, पण त्याजागी दुसरं काही लिहून झाल्यावरच. पुरवण्या क्रमाने लावा, आणि एखादं उत्तर दोन ठिकाणी विभागलं असेल तर पहिल्या तुकड्याखाली 'पुढे पान अमुक' असं लिहा.