माऊस मेला तरी पट्टी निघाली पाहिजे

आमच्या पेढीवरच्या दिवाणजी काकांना टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, माऊस लागतच नाही. पेमेंट एफ५, रिसीट एफ६, मधेच नवीन लेजर उघडायचं तर ऑल्ट सी, व्हाउचर सेव्ह करायला कंट्रोल ए, बोटं अशी चालतात की लांबनं बघणाऱ्याला वाटावं पेटी वाजवायला बसलेत. आणि हाच माणूस टॅलीतनं बाहेर आला की एक फोल्डर उघडायला चष्मा नाकावर ओढणार, बाण कुठं गेला म्हणून माऊस गरागरा फिरवणार, डबल क्लिक करताना हात हलला की फोल्डर उघडायचा राहतो आणि शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतो. मी पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत तसलीच होते, कॉपी पेस्ट सोडून काही येत नव्हतं, त्यामुळं हसायचा मला काही अधिकार नाही.

शिकायची वेळ आली ती हळदीमुळं. सांगलीच्या मार्केट यार्डात सीझनला कधी बसला असाल तर माहितीच असेल, पोती हलायला लागली की हवाच पिवळी होते, कॅल्क्युलेटर, पावती पुस्तक, चहाचा कप, सगळ्यावर थर. ऐन मार्चमध्ये दुपारी माऊसनं मान टाकली. समोर शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी उभा, त्याला तासगावची एसटी धरायची होती, पट्टी तयार होती पण तिची फाईल पाच-सहा खिडक्यांच्या मागं गेलेली. मी माऊस आपटला, वायर काढून परत घातली, फुंकर मारली, शेवटी शेजारच्या दुकानातनं उसना आणला. तो माणूस एक शब्द बोलला नाही, नुसता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला, तेच जास्त लागलं. नंतर कळलं की हे सगळं तीन दणक्यांचं काम होतं. ऑल्ट टॅबनं फाईल पुढं आणायची, कंट्रोल पी, एंटर. झालं.

म्हणून की-बोर्डचे शॉर्टकट सांगताना मी सुरुवातच तिथनं करते, माऊस मेला तर काय. (सगळं विंडोज १० आणि ११ चं सांगतेय, पेढीवर १० आहे, घरी ११.)

ऑल्ट दाबून धरायचा, सोडायचा नाही, आणि टॅब एकेकदा मारायचा. उघड्या खिडक्यांची रांग दिसते, पाहिजे तिच्यावर आलं की ऑल्ट सोडा. पुढं निघून गेला तर शिफ्ट पण दाबून टॅब मारा, मागं येतं. बहुतेक जण ऑल्ट टॅब एकदाच मारून सोडतात, मग त्याच दोन खिडक्यांत इकडून तिकडं होत राहतं आणि म्हणतात चालत नाही.

खिडकीच्या आत गेल्यावर नुसता टॅब एका रकान्यातनं दुसऱ्यात नेतो, बाणाची बटणं यादीत वरखाली करतात, टिक करायला स्पेसबार, हो म्हणायला एंटर, नको म्हणायला एस्केप. राइट क्लिक पाहिजे तर शिफ्ट एफ१०. वर्ड किंवा एक्सेलमध्ये ऑल्ट एकदा दाबून सोडा, वरच्या पट्टीवर प्रत्येक ठिकाणी छोटी अक्षरं उगवतात, ते अक्षर दाबलं की तिथं पोचलात. म्हणजे पाठ करायचीच गरज नाही, तो स्वतःच सांगतोय बाबा इथं ये. मला हे कळलं तेव्हा खरं तर रागच आला, इतकी वर्षं समोर होतं आणि एकानं सांगितलं नाही.

आणि अगदीच बाण हलवल्याशिवाय जमत नसेल, काही काही वेबसाइटवर तसं असतं, तर डावीकडचा ऑल्ट, डावीकडचा शिफ्ट आणि नम लॉक तिन्ही एकदम दाबा. एक बॉक्स येतो, एंटर मारा. आता उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडनं बाण चालतो. ८ वर, २ खाली, ४ डावीकडं, ६ उजवीकडं, ५ म्हणजे क्लिक आणि अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. बाण चालतो बैलगाडीसारखा, पण चालतो. बंद करायला तीच तीन बटणं परत. काकांना दाखवलं तर म्हणाले, "पोरी, हे त्या दिवशी कुठं होतं?" आता काय सांगणार. आकड्यांचं पॅड नसलेल्या लहान लॅपटॉपवर मात्र हे अवघड आहे, तिथं दोनशे-तीनशेचा जादा माऊस ड्रॉवरमध्ये ठेवलेला बरा.

दुसरी गोष्ट लाइट. आमच्याकडं सीपीयू यूपीएसवर आहे आणि मॉनिटर साध्या बोर्डावर, कुणी आणि का जोडलं देव जाणे. लाइट गेली की स्क्रीन काळा, खाली यूपीएस बोंबलतोय आणि मशीन आतनं चालूच. आधी आम्ही सरळ बटण दाबून मारायचो आणि मग फाईल उघडत नाही म्हणून रडायचो. आता अंधारातच करतो. पहिल्यांदा कंट्रोल एस, म्हणजे ज्या फाईलमध्ये होतो ती सेव्ह. मग विंडोजचं बटण (कंट्रोल आणि ऑल्टच्या मधलं, खिडकीचं चित्र असलेलं) आणि एक्स एकत्र, सोडायचं, मग यू, परत यू. मशीन शिस्तीत बंद होतं. विंडोज इंग्रजीत असेल तर हीच अक्षरं. दुसरी एखादी फाईल सेव्ह न करता उघडी राहिली असेल तर मात्र तो विचारत थांबतो आणि ते दिसत नाही, म्हणून काम करताना अधनंमधनं कंट्रोल एस मारायची सवयच लावा. आधी लाइट असताना दोनदा डोळे मिटून करून बघा, गंमत पण येते.

आता हेच विंडोजचं बटण. लोक त्याला हातच लावत नाहीत. त्याच्याबरोबर ई दाबलं की फाइल एक्सप्लोरर उघडतो, डी दाबलं की सगळं खाली जाऊन डेस्कटॉप दिसतो आणि परत डी दाबलं की सगळं जागेवर येतं. एल म्हणजे लॉक. पेढीवर दहा माणसं आत-बाहेर करतात, कुणाच्या खात्यावर किती शिल्लक हे स्क्रीनवर उघडं ठेवून चहाला जायचं नसतं, उठताना एवढं एकच बटण मारा. खालच्या टास्कबारवर जी चित्रं आहेत ती डावीकडनं मोजा, विंडोज १ म्हणजे पहिलं, विंडोज २ म्हणजे दुसरं. माझ्याकडं पहिलं टॅली, दुसरं एक्सेल, तिसरं ब्राउझर, क्रम कधी बदलत नाही, त्यामुळं बोटांना पाठ झालंय. विंडोज आणि डावा बाण मारला की खिडकी अर्ध्या स्क्रीनवर डावीकडं चिकटते, दुसरी उजवीकडं लावायची, मग काटापट्टी (वजनाची चिठ्ठी) एकीकडं आणि बिल एकीकडं ठेवून आकडे ताडून बघता येतात.

पण सगळ्यात जास्त पैसा वसूल बटण कुठलं विचाराल तर विंडोज व्ही. साध्या कंट्रोल व्हीनं शेवटचं कॉपी केलेलं एकच उमटतं, याच्यात मागचं २५ पर्यंत कॉपी केलेलं यादीत दिसतं. पहिल्यांदा दाबल्यावर चालू करू का विचारतो, हो म्हणा. माझं काम बघा, शेतकऱ्याचं नाव, खाते नंबर, आयएफएससी कोड, तिन्ही एका फाईलीतनं बँकेच्या साइटवर न्यायचे. पूर्वी तीन हेलपाटे व्हायचे. आता तिथंच उभं राहून तिन्ही लागोपाठ कंट्रोल सी, मग साइटवर येऊन विंडोज व्ही, बाणानं निवडा, एंटर. खाते नंबर हातानं टाइप करायचाच नाही, एक आकडा चुकला की आठवडाभर फोन. फक्त पासवर्ड कॉपी केलात तर तो पण यादीत बसतो, मशीन चारजणांत असेल तर तेवढं सांभाळा. मशीन रिस्टार्ट केलं की पिन केलेलं सोडून बाकीची यादी पुसली जाते.

एक गंमत सांगते. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो ना, तर कॉम्प्युटरमधलं कट कॉपी पेस्ट पण झेरॉक्सच्याच घरचं. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला त्या कंपनीचं संशोधन केंद्र होतं, तिथं १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्याच्या सोबत्यांनी ते बसवलं. २०२० मध्ये तो वारला. झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी असले की मला हे हमखास आठवतं.

फाईलींची नावं बदलायचं काम तर डोकेदुखीच. व्हॉट्सॲपवरनं काटापट्टीचे चाळीस फोटो येतात, नावात नुसते आकडे. तर पहिल्या फोटोवर जाऊन एफ२ दाबा, नाव निळं होतं, टाइप करा, आणि आता एंटर मारू नका, टॅब मारा. पहिलं नाव पक्कं होऊन दुसऱ्या फाईलचं नाव आपोआप निळं होतं. टाइप, टॅब, टाइप, टॅब. शेवटाची डॉट जेपीजी वगैरे शेपटी त्यात धरलेलीच नसते, म्हणून ती मोडत नाही. चाळीस नावं मी आता चहा थंड व्हायच्या आत उरकते. लॅपटॉपवर एफ२ दाबल्यावर आवाज नाहीतर उजेड कमीजास्त होत असेल तर एफएन दाबून एफ२ मारा. नवीन फोल्डर कंट्रोल शिफ्ट एन, वरच्या फोल्डरात जायला ऑल्ट आणि वरचा बाण. आणि काकांसारखा फोल्डर भलतीकडं पडला तर घाबरू नका, लगेच कंट्रोल झेड, होता तिथं परत येतो.

शिफ्ट डिलीटपासून मात्र चार हात लांब राहा. साध्या डिलीटनं फाईल रीसायकल बिनमध्ये जाते, शिफ्ट धरून केली की तिथं पण जात नाही आणि कंट्रोल झेड पण उपयोगाचा नाही. मी शहाणपणा करून एका महिन्याच्या पट्ट्यांचा फोल्डर असा उडवलाय, मग कार्बनच्या प्रती शोधून तीन रविवार परत टाइप करत बसले.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी, भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार. पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणत असेल तर आधी खाली उजवीकडं बघा, भाषा मराठी राहिलेली असते.

ते शंभर शॉर्टकटांचे पीडीएफ फिरतात ना, ते मी पण प्रिंट काढून लावलेलं, कुणी बघितलं नाही. मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी आणि तिच्यावर दोनच, आठवड्यानं चिठ्ठी बदलायची, असं केलं तेव्हा काकांचं गाडं पुढं सरकलं. आता ते विंडोज एल मारून उठतात आणि परत आल्यावर पासवर्ड आठवत नाही म्हणून मला हाक मारतात, ते वेगळं.

की-बोर्ड साफ करताना पण आधी विंडोज एल मारा बरं का, नाहीतर फडक्यानं भलतीच बटणं दाबली जाऊन उघड्या बिलात आकडे पडतात. शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबलं गेलं की स्टिकी कीजचा बॉक्स येतो, तो व्हायरस नाही, त्याला नको म्हणा. आणि पुसण्याआधी वायर काढून की-बोर्ड उलटा धरून पाठीवर दोन चापट्या मारा. आमच्या इथं सीझनला चमचाभर हळद निघते.