निवासी शाळा बघायला संध्याकाळी जा

मे महिना लागला की आमच्या गंगापूर रोडच्या घरी पाहुणे वाढतात. कळवणची चुलत बहीण, धुळ्याचे दीर, कधी यजमानांचे भुसावळचे मित्र. काम एकच, मुलासाठी नाशिकमधली होस्टेलची शाळा बघायची. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर फिरले, चार मुलांची लोकल गार्डियन, म्हणजे गावातली पालक, झाले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. शाळेची इमारत सगळेच बघतात, पण संध्याकाळी पाचपासून सकाळी सातपर्यंत आपलं मूल कोणाच्या हाती असणार, हे फार थोडे बघतात.

१. आधी घरात बोला

गावात चांगली शाळा नाही, नोकरी बदलीची आहे, मुलाला सैन्यात जायचंय, ही कारणं समजतात. ‘घरी ऐकत नाही, तिथे सरळ होईल’ म्हणून कृपा करून पाठवू नका. त्या मुलाला ती शिक्षा वाटते आणि ते मनात राहतं. माझ्या मते पाचवीच्या आत तर पाठवूच नये. स्वतःची आंघोळ, कपडे धुणं, डोकं विंचरणं जमायला हवं. त्याहून महत्त्वाचं, ‘सर, पोट दुखतंय’ हे परक्या माणसाला सांगता यायला हवं. मूल अजून अंथरूण ओलं करत असेल तर लाजू नका, प्रवेशाच्या आधीच रेक्टरना, म्हणजे होस्टेलच्या प्रमुखांना, सांगा. ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

२. कोणती सोय, ते ठरवा

नाशिकला मुलं बाहेरगावाहून शिकायला येण्याची परंपरा जुनी आहे. इथलं उदाजी मराठा बोर्डिंग १९१४ चं. आज मात्र पर्याय इतके आहेत की गोंधळ होतो.

आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. सहावीचा प्रवेश परीक्षेवर, १०० गुणांचे ८० प्रश्न. राहणं, जेवण, शिक्षण मोफत आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना. मूल ज्या जिल्ह्यात पाचवीला आहे, तिथूनच अर्ज करावा लागतो आणि सहावीसाठी संधी एकदाच मिळते. धुळ्याच्या दिरांना हे माहीत नव्हतं, ते नाशिकचा फॉर्म शोधत बसले होते.

भोसला मिलिटरी स्कूल आणि सैनिक स्कूल यांतही लोकांची गल्लत होते. भोसला ही डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला सुरू केलेली, खासगी संस्थेची शाळा. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल सोसायटीचं. तिथे सहावी आणि नववीला देशपातळीवरच्या परीक्षेतून प्रवेश होतो. इंग्रजी माध्यमात देवळालीचं बार्न्स स्कूल १९२५ पासून आहे. आदिवासी मुलांसाठी शासकीय आश्रमशाळा आहेत, त्यांची चौकशी नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयात करा.

सगळ्यात जपायचं ते ‘निवासी अकादमी’पासून. अकादमी म्हणजे राहण्याची सोय असलेला क्लास, शाळा नव्हे. मूल राहतं एकीकडे आणि हजेरीला नाव भलत्याच शाळेत, असं होऊ शकतं. दाखला देण्याआधी विचारा: नाव कोणत्या शाळेत लागणार, तिचा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) काय, बोर्डाची मान्यता कितवीपर्यंत? उत्तर टाळलं तर उठा.

३. संध्याकाळी जा

सकाळी अकराला ऑफिसमधल्या मॅडम कॉम्प्युटर लॅब आणि पोहण्याचा तलाव दाखवतात. तुम्ही संध्याकाळची वेळ मागून घ्या. ‘होस्टेल पालकांना दाखवत नाही’ असं उत्तर मिळालं तर मी ती शाळा यादीतून काढते.

आधी न्हाणीघर बघा. कडी आतून लागते का, दिवा आहे का, गरम पाणी किती वाजता आणि किती मुलांना पुरतं? निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, त्या दिवसांत सोलरचं पाणी पहिल्या वीस मुलांत संपतं आणि धाकटी मुलं गार पाण्याने उरकतात.

मग मेस. पहिल्या पंगतीला नाही, शेवटच्या पंगतीला बसा. एका ठिकाणी मी बसले होते. वाढप्याने डाळीच्या पातेल्यात एक जग भरून पाणी ओतलं, पळी फिरवली आणि तीच डाळ पुढच्या ताटात वाढली. कोणी काही बोललं नाही, म्हणजे ते रोजचंच असणार. दुसऱ्या शाळेत रेक्टर स्वतः ताट घेऊन मुलांत बसले होते. एका बारक्याला म्हणाले, “अरे, तुला कारलं चालत नाही ना? दही घे.” दीडशे मुलांत कोणाला कारलं चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बहिणीला मी तिथेच सांगितलं, हीच शाळा घे.

४. रेक्टरना विचारा

रात्री मजल्यावर कोण झोपतं? लहान-मोठ्या मुलांच्या खोल्या वेगळ्या आहेत का? मुलींच्या होस्टेलवर रात्री बाई असतात का? गेल्या वर्षी किती मुलं मध्येच सोडून गेली? मूल फोनवर बोलताना शेजारी कोण उभं असतं?

आणि ताप आला तर किती वेळात कळवता? हे मी आवर्जून विचारते, कारण एका शाळेत (नाव घेत नाही) माझा भाचा दोन दिवस तापाने फणफणला होता आणि मी पंधरा मिनिटांवर असून मला फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याच्या मित्राने सांगितलं. खोलीत गेले तर पोरगं ओल्या मोज्यांसकट पांघरूण घेऊन पडलेलं. तेव्हापासून मी कळवण्याची वेळ लेखी मागते.

मुलाला मारणं, मानसिक छळ करणं याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. लैंगिक छळाची माहिती मिळूनही दडवून ठेवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. ‘शाळेची बदनामी होईल’ हे ऐकून गप्प बसू नका. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन मुलाला पाठ असू द्या.

५. पैशांचं लेखी घ्या

फी, डिपॉझिट, धोबी, सहल, गणवेश हे सगळं एका कागदावर मागा. मूल मध्येच सोडून आलं तर किती परत, तेही. पावती संस्थेच्या नावाचीच हवी. २०२७ च्या सिंहस्थात रस्ते बंद राहतील, तेव्हा पालकभेट आणि सुट्ट्यांचं काय, हेही आत्ताच विचारून ठेवा.

६. पहिला महिना

गावात एक लोकल गार्डियन ठेवा, पण तो दर पंधरवड्याला खरंच जाणारा हवा. पहिले दोन-तीन आठवडे मूल फोनवर रडतं, ते बहुतेकदा निवळतं. मात्र रडणारं मूल एकदम गप्प झालं, फोन नको म्हणायला लागलं, तर रविवारची वाट न बघता त्याच दिवशी निघा.

भेटलात की आधी नखं, मान आणि पाय बघा. मग कॅम्पसबाहेर नेऊन पोटभर जेवू घाला आणि तासभर काही विचारू नका. भाचा पहिल्यांदा बोलला तो तिसरी पोळी संपल्यावर.