कोकणात वॉटरकूल्ड पीसी बांधताय? या चुका टाळा

रत्नागिरीत बसून कस्टम लूपचा, म्हणजे पंप, टाकी, नळ्या स्वतः जोडून पाणी फिरवत थंड ठेवायचा पीसी बांधतो म्हटलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, पाणी गळून मदरबोर्ड उडणार नाही का रे. गळतं कधीकधी, नाही असं नाही. पण माझा स्वतःचा आणि मित्रांचे मिळून सात पीसी मी आतापर्यंत बांधले किंवा उघडून दुरुस्त केले, त्यात गळतीने गेलेला बोर्ड एकच. बाकी सगळं नुकसान झालं ते लूपच्या आत धातू खाल्ला गेल्यामुळे, शेवाळ धरल्यामुळे नाहीतर आपल्या इथल्या हवेमुळे. व्हिडिओत शिकवणारे बहुतेक जण कोरड्या थंड हवेच्या देशातले, त्यांच्या भिंतींना जुलैमध्ये ओल येत नाही, त्यामुळे आपल्याला लागणाऱ्या अर्ध्या गोष्टी ते सांगतच नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच लूपमध्ये तांबं आणि ॲल्युमिनियम. सीपीयूचा ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता पाण्यात देणारा ठोकळा, तांब्याचा, आणि ते पाणी हवेने थंड करणारा रेडिएटर पैसे वाचवायला घेतात स्वस्तातला ॲल्युमिनियमचा, किंवा जुन्या एआयओ (तयार, बंद येणाऱ्या) कूलरचा रेडिएटर घरात पडलेला असतो तोच जोडतात. एआयओचे रेडिएटर जवळपास सगळे ॲल्युमिनियमचेच असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी म्हणजे झाली बॅटरी तयार, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. मिरकरवाड्याच्या बंदरात ओढून ठेवलेला एखादा ट्रॉलर जवळून बघा, खाली पंख्यापाशी जस्ताची वडी बोल्ट मारून बसवलेली असते, ती झिजत जाते आणि संपली की नवी लावतात, ती झिजते म्हणून पंखा आणि शाफ्ट वाचतो. तुमच्या लूपमध्ये त्या जस्ताच्या वडीचं काम तुमचा रेडिएटर करत असतो. मग एआयओमध्ये कसं चालतं असं विचाराल तर ते कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं, गंजरोधकाचं प्रमाण ठरलेलं असतं आणि ते चालून चालून किती वर्षं चालणार तेही ठरलेलं असतं, आपण उघडून त्यात दुसरं पाणी ओतलं की ते गणित मोडलं. विकणारा नुसतं 'मेटल बॉडी' म्हणाला तर पैसे देऊ नका, कोअर म्हणजे आतल्या नळ्या कशाच्या आणि रेडिएटरच्या टोकांच्या टाक्या कशाच्या ते विचारा. तांब्याच्या नळ्या आणि पितळेच्या टाक्या हवं. हातात घेऊन फारच हलका लागला तरी संशय घ्या.

आता पाणी. आमच्याकडे विहिरीचं पाणी गोड आहे असं सगळेच अभिमानाने सांगतात आणि ते खरंही आहे, पण प्यायला गोड असणं वेगळं. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, म्हणजे मीठ आलंच. आरओचं पाणीसुद्धा नको, त्यात क्षार कमी असतात, शून्य नसतात. आणि एसीच्या पाइपमधून पडणारं पाणी, जे लोक इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात, ते तर अजिबात नको, कॉइलवरची सगळी धूळ आणि जंतू त्याच्याबरोबर येतात. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी दरवेळी सारखंच येईल याचा भरवसा नाही, तेच घ्यायचं असेल तर आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) बुडवून बघा, साधारण शून्यच यायला पाहिजे. मी सरळ तयार पारदर्शक कूलंट वापरतो, ज्यात गंजरोधक आणि शेवाळ मारणारं औषध दोन्ही आहे. मोत्यासारखी चमक असलेली कूलंटं दिसतात सुंदर, पण त्यातले कण पंप थांबला की खाली बसतात आणि ब्लॉकच्या आतल्या फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, तिथे जाऊन अडकतात. फोटो काढायला घाला, रोजच्या कामाला नको.

नुसतं डिस्टिल्ड वॉटर घालून औषध न टाकण्याचं काय होतं ते मी दापोलीच्या एका मित्राच्या पीसीत बघितलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्याच्याकडे कितीतरी दिवस लाइट नव्हती, पीसी खिडकीजवळ उजेडात तसाच उभा. लाइट आल्यावर चालू केला तर सीपीयू ९० च्या वर. ब्लॉक उघडला तर आत विहिरीच्या पायरीवर असतं तसं बुळबुळीत हिरवं. टूथब्रशने घासून निघालं, पण रेडिएटर चार वेळा धुवावा लागला.

नवा रेडिएटरही धुवूनच लावायचा. आत सोल्डरिंगचा फ्लक्स आणि बारीक कचरा राहिलेला असतो, गरम डिस्टिल्ड वॉटर अर्धं भरायचं, बूच लावून जोरात हलवायचं, पांढऱ्या वाटीत ओतून बघायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच.

फिटिंगच्या बाबतीत आपल्याकडे प्लंबिंगची सवय नडते. पीसीच्या ब्लॉक-रेडिएटरच्या भोकांना जी १/४ म्हणजे पाव इंची आटे असतात, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातलं पितळी निपल त्यात जातं आणि माणसाला वाटतं आठशेचं फिटिंग कशाला घ्या. ते निपल बहुतेक वेळा पुढे निमुळतं असतं, आणि त्याला टेफलॉन टेप गुंडाळून पाना मारला की ॲक्रिलिकच्या ब्लॉकला तडा जातो, कधी लगेच, कधी आठ दिवसांनी. माझ्या बघण्यातला तो एकमेव बोर्ड असाच गेला. पीसीच्या फिटिंगमध्ये पाणी आटे अडवत नाहीत, रबराची ओ-रिंग अडवते, म्हणून टेप नको आणि पानाही नको, हाताने घट्ट होईल तेवढंच बास. लावण्याआधी प्रत्येक ओ-रिंगवर बोट फिरवून बघा, पिळलेली किंवा चिरलेली असेल तर बदला. आणि ॲक्रिलिक पुसायला स्पिरिट, अल्कोहोल काही वापरू नका, त्याने बारीक बारीक चिरा पडतात.

भरताना घाई नको. आधी हवेची टेस्ट, गेजवाला छोटा हातपंप मिळतो, अर्धा बार हवा भरून अर्धा तास सोडून द्या, काटा खाली आला नाही तर मगच पाणी. पाणी भरताना फक्त पंपाला करंट पाहिजे, सीपीयू आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) यांच्या पॉवर केबल काढलेल्या आणि पॉवर सप्लायच्या २४ पिनी कनेक्टरला जंपर (बोर्डाशिवाय सप्लाय चालू करणारा जोड) लावलेला. हल्ली सगळ्या वायरी काळ्या येतात तेव्हा त्यासाठी जोडायची हिरवी वायर शोधत बसण्यापेक्षा तयार जंपर घ्या. टाकी पंपाच्या वर असली पाहिजे आणि पंप एक क्षणही कोरडा फिरता कामा नये, कारण त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणजे ते पाणीच. पाच सेकंद चालू, बंद, टाकी भरा, परत चालू, असं करत जायचं. गुळगुळ आवाज येत राहिला तर केस थोडी थोडी चारी बाजूंनी कलती करा, वरच्या रेडिएटरच्या कोपऱ्यात हवा अडकलेली असते. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर चालू द्या.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. मागच्या जुलैत सकाळी सात वाजता मित्राचा फोन, अरे लूप फुटला, सगळं ओलं झालंय. गेलो तर खरंच रेडिएटरवर थेंब, जीपीयूच्या मागच्या पत्र्यावर थेंब. पण त्याचं कूलंट निळं आणि टिश्यूवर टिपलेलं पाणी पांढरंस्वच्छ. झालं असं होतं की रात्री पीसी बंद करून तो २१ वर एसी लावून झोपला, सकाळी एसी बंद केला आणि खिडकी उघडली. हवा ३० अंश आणि दमटपणा ८५ टक्के असेल तर साधारण २७ अंशांच्या खालच्या कुठल्याही गोष्टीवर दव धरतं. लूपमधलं लिटरभर पाणी आणि एवढं तांबं लवकर गरम होत नाही, ते २२-२३ वरच राहतं, आणि मग थंड पाण्याच्या बाटलीला सुटतं तसं त्याला बाहेरून पाणी सुटतं. चालू पीसीत हे होत नाही कारण लूपमधलं पाणी खोलीपेक्षा गरमच असतं, साधा रेडिएटर खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. म्हणून पावसाळ्यात एसी २६ च्या खाली नको, आणि एसी बंद केल्यावर तासभर तरी खिडकी उघडू नका. ओलं दिसलंच तर बटण दाबायचं नाही, प्लग काढायचा, पंखा लावून पूर्ण सुकू द्यायचं. टाकीत बर्फ किंवा चिलर लावायची हौस असेल तर ती या किनाऱ्यावर करू नका, कळकळीने सांगतो.

तापमान जास्त येतंय म्हणून जे मेसेज येतात त्यात बहुतेकांनी पाच मिनिटं टेस्ट लावलेली असते. पाणी हळूहळू तापतं, अर्धा-पाऊण तास लोड द्या मग बोला. लोड दिल्या दिल्या सीपीयू ९५ ला गेला तर पाणी किंवा रेडिएटरचा दोष नाही, ब्लॉक नीट बसला नाही, मधली थर्मल पेस्ट नीट लागली नाही, किंवा ब्लॉकच्या खालची प्लॅस्टिकची फिल्म तशीच राहिली, मी स्वतः एकाची काढलीय. हळूहळू चढत गेला तर रेडिएटर कमी पडतोय, पंखे धुळीने भरलेत किंवा पाण्याचा वेग कमी झालाय. लूपमध्ये आधी सीपीयू की आधी जीपीयू यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ४०० वॉट उष्णतेने ते दीड अंशसुद्धा तापत नाही, ट्यूब जिकडून सोपी जाते तिकडून न्या. त्यापेक्षा रेडिएटर मोठा घ्या. १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे साधारण १०० वॉट असा ढोबळ हिशोब धरतात, मी त्यात एक पंखा जास्त धरतो, कारण मे महिन्यात खोलीच ३४ ला असते, पाणी त्याच्या १० अंश वर म्हणजे ४४ तिथेच झाले. पाण्यात सेन्सर टाका आणि ५० ला अलार्म. पंपाची आरपीएमची (वेग सांगणारी) वायर बोर्डावरच्या सीपीयू फॅनच्या हेडरला, म्हणजे पिनांना लावा, म्हणजे पंप बंद पडला तर बोर्डाला कळेल. लाइट गेल्यावर काय होईल याची मात्र काळजी करू नका, पंप थांबतो तसं तापणारंही थांबतं.

बाहेरून खारी हवा आपलं काम करतच असते. समुद्राकडच्या खिडकीत पीसी ठेवू नका, दोन पावसाळ्यांत रेडिएटरचे स्क्रू गंजून डोकी निघून येतात आणि मग उघडायचं कसं. स्टेनलेसचे स्क्रू आधीच बदलून घ्या, आटे एम३ आहेत की यूएनसी (हे आट्यांचे दोन प्रकार) ते बघून आणि लांबीही तेवढीच, लांब स्क्रू थेट नळीत घुसतो. पावसाळ्यात वापर नसला तरी रोज तासभर चालू ठेवा.

कूलंट मी वर्षातून एकदा मे महिन्यात बदलतो, मिरग लागायच्या आधी, म्हणजे पावसाळ्यात केस उघडायची वेळ येत नाही. भरून झालं की टाकीवर मार्करने रेघ आणि तारीख. मऊ ट्यूबमधून थोडं पाणी उडतं, वर्षाला बोटभर खाली गेलं तर वरून भरा. महिन्यात तेवढं गेलं तर टिश्यू घेऊन जोड शोधायला लागा, सुरुवात पंपाखालच्या जोडापासून.