वस्तीचा आपत्ती प्लॅन शिकायचाय? मग एकदा रात्री जाऊन बघा

डिझास्टर मॅनेजमेंटमध्ये यायचंय, सुरुवात कशी करू, असं विचारणारी बरीच मुलं-मुली भेटतात, त्यांच्यासाठी लिहितेय. मी मुंबईत डोंगरउतारावरच्या आणि नाल्याकाठच्या वस्त्यांमध्ये काम करते, तिथल्या लोकांसोबत बसून दरड किंवा पाणी आलं तर कोणी काय करायचं हे ठरवायचं, हेच माझं काम.

शिक्षणाचं पटकन सांगते. देवनारला टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, जमशेटजी टाटा स्कूल ऑफ डिझास्टर स्टडीज आहे, तिथे मास्टर्स करता येतं. माझ्यासोबत सिव्हिलवाले होते, भूगोलवाले होते, सोशल वर्कवाले पण होते, त्यामुळे आपली शाखा चुकली असं समजू नका. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घरी बसून शिका. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा एकदा नीट वाचा, जिल्हा प्राधिकरणाचं काम काय, महापालिकेचं काय हे त्यातनं कळतं. एवढं झालं की वस्तीत जा, कारण खरं शिक्षण तिथेच सुरू होतं.

माझी पहिली वस्ती विक्रोळी पार्कसाईटच्या वरच्या अंगाला होती. आम्ही सॅटेलाईट फोटोवरून नकाशा केला, घरोघरी सर्वे केला, एक्सेल भरलं, मला वाटलं झालं काम. मग बचत गटाच्या बायकांना समाजमंदिरात बोलावलं आणि म्हटलं, तुमची वस्ती तुम्ही काढा. त्यांनी फरशीवर रांगोळीनेच काढली, निळी रांगोळी पाणी वाहतं तिथे, लाल म्हणजे ज्या घरात कोणाला चालता येत नाही. एका मावशींनी आमच्या सर्वेत 'अडचण नाही' लिहिलेल्या घरावर लाल टाकली. मी म्हटलं, मावशी, इथे तर तरणा मुलगा आहे ना? त्या म्हणाल्या, "अगं तो नाईटला असतो. रात्री आजी एकटीच असते, तिला उचलूनच न्यावं लागंल."

आम्ही सर्वे सकाळी अकराला केला होता, त्यामुळे आमचा प्लॅन पण सकाळी अकराचाच झाला होता.

आता आठवा, मालाडच्या पिंपरीपाड्याची भिंत जुलै २०१९ मध्ये पडली ती रात्री, चेंबूरच्या वाशीनाक्याला १८ जुलै २०२१ ला पडली ती रात्री, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड आली ती पण रात्रीच. आणि इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतंच. यादी लागतेच, पण यादीत नाव नाही म्हणून निवांत राहायचं नाही.

त्यानंतर मी मीटिंगा रात्री दहाला घ्यायला लागले. टॉर्च घेऊन गल्लीतनं चाललो तर जिन्यावरचा दिवा बंद, रेलिंग अर्ध्यात संपतं, एका गटारावर झाकणाऐवजी प्लायवूड टाकलेलं. कागदावर निवारा म्हणून शाळा लिहिली होती, तिथे गेलो तर गेटला कुलूप आणि किल्ली शिपायाकडे, शिपाई राहतो बदलापूरला. धो धो पावसात लोकल बंद असताना तो माणूस येणार कसा? दोन महिने अर्ज केले, फेऱ्या मारल्या, तेव्हा एक किल्ली किराणावाल्या काकांकडे आणि एक बचत गटाच्या ताईंकडे राहायला लागली. मला विचाराल तर आमच्या अख्ख्या रिपोर्टपेक्षा त्या दोन किल्ल्या मोठं काम आहे.

नवीन लोकांना अजून एक गोष्ट उशिरा कळते. इशारा मिळाला तरी लोक घर सोडत नाहीत आणि आपण म्हणतो की यांना जागरूकता नाही. तसं नसतं हो, त्यांना सगळं कळतं. पण बाहेर पडलो तर सामान चोरीला जाईल, रूम तोडतील, पुरावे भिजले तर पुढे पुनर्वसनात नाव येणार नाही, ही भीती दरडीपेक्षा जवळची असते, कारण ते त्यांनी बघितलेलं असतं. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये पहिली ओळ आहे, रेशनकार्ड, आधार, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) यांची प्लास्टिक पिशवी दाराच्या खिळ्याला टांगायची. दुसरी ओळ, वरच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या की खालच्या सुरक्षित नाक्यावर पोरं पहारा देणार, कोण देणार त्यांची नावं ठरलेली. हे झाल्यावरच लोक बाहेर पडायला तयार झाले.

पावसाचा आकडा पण लोकांच्या हातात द्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७४, म्हणजे 'मुंबईत पाऊस' ऐकून आपल्या डोंगरावर काय चाललंय ते कळत नाही. सरळ कडांचा स्टीलचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि आत पट्टी, दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे १०० मिमी. आमच्याकडे नववी-दहावीतल्या मुली हे मोजतात आणि ग्रुपवर टाकतात. नाल्याकाठच्या वस्तीत भरतीचं वेळापत्रक पण भिंतीवर लावा, साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की नाल्याचं पाणी समुद्रात जायला जागाच राहत नाही.

दरडीच्या खुणा म्हातारी माणसं चांगल्या सांगतात, त्यांना विचारा: जमिनीला नवीन भेग, दार अचानक घट्ट बसणं, पोल कलणं, डोंगरातलं पाणी एकदम गढूळ होणं. यातलं काही दिसलं तर आकड्याची वाट बघायची नाही, बाहेर पडायचं आणि महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन करायचा.

पगाराचं खरं सांगते, सुरुवातीला कमी असतो आणि प्रोजेक्ट संपला की नोकरी पण संपते, घरी हे आधी सांगून ठेवा. कन्सल्टन्सीत जास्त मिळतात, पण तिथे वस्तीत जाणं कमी होतं. मी दोन्ही करून परत वस्तीत आले.

मे महिन्यात रात्री ड्रिल आहे, त्या आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघं जण खाली आणणार, मागच्या वेळी जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली होती. आणि दोन्ही किल्ल्या लावून बघायच्यात, पावसाळ्यात कुलूप गंजतं. कोणाला यायचं असेल तर या, टॉर्च आपापली आणा.