पुढाऱ्याच्या विश्वासाची परीक्षा होते तेव्हा या चुका टाळा

ख्रिस्ती मंडळी (चर्च) सांभाळणारा माणूस देवाची आज्ञा सहसा उघडपणे मोडत नाही. संकटात ती मोडली जाते ती बहुतेक वेळा भक्तीच्याच एखाद्या कामातून, म्हणून चूक लवकर ध्यानातही येत नाही. बायबलमधल्या शौलाचंच बघा, इस्राएलाच्या पहिल्या राजाचं.

माणसं पांगतात म्हणून घाई करणे

देवाचा संदेष्टा शमुवेल याने शौलाला गिलगालात सात दिवस थांबायला सांगितलं होतं; अर्पण तो स्वतः येऊन करणार होता. मिखमाशात शत्रूची, म्हणजे पलिष्ट्यांची छावणी पडलेली, इस्राएली लोक गुहांत नि खडकांत लपलेले, सोबतचं सैन्य गळत चाललेलं. मुदत भरली तरी शमुवेल आला नाही. शौलाने स्वतःच होमार्पण (देवाला जाळून वाहायचा यज्ञ) केलं आणि ते आटोपतं न आटोपतं तोच शमुवेल समोर हजर!

शौलाने दिलेली कारणं नीट वाचा. लोक मला सोडून जात होते, तुम्ही वेळेवर आला नाहीत, शत्रू जमला होता. यातलं एकही खोटं नाही. पुढाऱ्यांची मला काळजी वाटते ती इथेच, कारण परीक्षेच्या वेळी हाताशी येणारी कारणं बहुधा खरीच असतात. शौलाजवळ उरले सुमारे ६०० लोक. शौलाच्या आधीचा इस्राएली पुढारी गिदोन याचं सैन्य तर देवानेच ३२,००० वरून ३०० वर आणलं होतं. डोकी मोजून आज्ञेची मुदत ठरवू नका.

अशी वेळ आली तर मंडळीतल्या दोघा-तिघा वडीलजनांना घेऊन बसा. देवाने काय सांगितलंय आणि भीतीपोटी आपण त्यात काय घातलंय, हे कागदावर वेगवेगळं लिहून काढा. भीती लिहायची लाज बाळगू नका. लपवलेली भीतीच पुढे निर्णय घेऊ लागते.

काम झालं, म्हणजे देव प्रसन्न आहे असं धरून चालणे

इस्राएली लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेला कादेशात, लोकांना पाणी हवं होतं तेव्हा, देवाने खडकाशी बोलायला सांगितलं होतं. लोकांच्या कुरकुरीने तो इतका वैतागला होता की त्याने खडकावर दोनदा काठी मारली. पाणी भरपूर निघालं, माणसं-जनावरं प्याली. तरीही आज्ञा मोडल्यामुळे मोशेला वचनदत्त देशात, म्हणजे देवाने इस्राएलाला देऊ केलेल्या देशात, जाता आलं नाही.

चूक उघडी पडल्यावर लोकांवर ढकलणे

पुन्हा शौलाकडेच वळू. इस्राएलाचे शत्रू अमालेकी, त्यांचं काहीही राखून ठेवायचं नाही, अशी देवाची आज्ञा होती. शौलाने त्यांचा राजा अगाग आणि निवडक गुरंमेंढरं राखली. मेंढरांचं ओरडणं कानावर येत असतानाही आपण आज्ञा पाळली असं तो शमुवेलाला सांगत होता. मग म्हणाला, लोकांनी राखली, तीही यज्ञासाठी. शेवटी पाप कबूल केलं, पण लगेच विनंती केली की वडीलजनांसमोर माझा मान राखा. शौलानंतरचा राजा दावीद, त्याचं पाप काही लहान नव्हतं. संदेष्टा नाथान याने तोंडावर सांगितलं तेव्हा मात्र त्याने एकही सबब पुढे केली नाही.

चूक झालीच असेल, तर ज्यांच्यासमोर झाली त्यांच्यासमोरच ती कबूल करा. "पण" हा शब्द न वापरता.