पूर येतोय हे कळूनही नदीकाठच्या गावांत होणाऱ्या चुका

‘2005 ला आपल्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं, आता कुठलं येतंय?’ 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडं कृष्णा-पंचगंगेच्या काठावर घरोघरी हेच बोललं जात होतं. पाणी 2005 ची खूण ओलांडून घरात शिरलं आणि माणसं माळ्यावर अडकली. जुन्या खुणेवर विसंबणं ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी.

कोकणात महाड-चिपळूणला पाणी काही तासांत चढतं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा फुटाफुटानं, दिवसभरात चढतं. हा हाताशी असलेला वेळ आपण ‘बघू उद्या’ म्हणत घालवतो. त्याऐवजी एक काम आत्ताच करून ठेवा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे 40 आणि 45. तिथं किती फूट असताना आपला रस्ता बंद होतो आणि किती असताना अंगणात पाणी येतं, हे जाणत्यांना विचारून भिंतीवर लिहा. घर सोडायचं ते रस्ता बंद होण्याच्या आकड्याआधी. अंगणात पाणी येईपर्यंत थांबलात तर बाहेर पडायला नावच लागते.

पाऊस उघडला, ऊन पडलं, आता उतरेल, असं धरून चालणं ही दुसरी चूक. आपलं पाणी राधानगरी-गगनबावड्याच्या डोंगरातून येतं. गावात थेंब नसतानाही नदी चढते. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की उघडतात. त्यात नृसिंहवाडीच्या संगमाला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, फूग म्हणजे तुंबलेलं पाणी मागं सरकतं. म्हणून शिरोळ तालुक्यात पाणी दिवसेंदिवस हलत नाही.

शेतीच्या पाण्याची मोटर काढायला शेवटच्या घटकेला नदीत उतरणं हे दरवर्षीचं. मोटर हजारोंची असते, जीव तुटतो, हे खरं आहे. पण रात्री, एकट्यानं, वीज चालू असताना पाण्यात जाऊ नका. पहिल्या इशाऱ्यालाच चार जण मिळून, दिवसाउजेडी, वीज बंद असल्याची खात्री करूनच स्टार्टरची पेटी आणि मोटर वर घ्या.

जनावरांसाठी मागं राहणारे अनेक. म्हशीला सोडून जाववत नाही, हे ज्यानं म्हैस पाळली त्यालाच कळतं. म्हणूनच जनावरं माणसांच्या आधी हलवा, चाऱ्यासकट. अगदीच जमलं नाही तर दावं सोडा. मोकळं जनावर पोहून जीव वाचवू शकतं, दाव्याला बांधलेलं गोठ्यातच बुडतं.

बंधाऱ्यावरून किंवा फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नका. वरून ते घोटाभर दिसतं, खालची फरशी वाहून गेली असली तरी कळत नाही. वेगाच्या पाण्यात वीतभर खोलीतही माणसाचा पाय सुटतो, आणि फूट-दोन फुटांत चारचाकी तरंगू लागते. पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही.

नावेत गर्दी करू नका. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली नाव उलटली. गेलेल्यांत बायका-मुलं होती. आधी म्हातारी माणसं, मुलं आणि गरोदर बायका, मग पुढची फेरी. काहिलीतून, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईतून, माणसं नेणं हा अगदी शेवटचा उपाय. आधी 112 किंवा जिल्ह्याच्या 1077 वर फोन करा, आणि त्यासाठी मोबाईल वेळीच चार्ज करून ठेवा.

पाणी उतरल्यावर घाईनं घरात शिरतात, तिथंही जीव जातात. भिजलेली मातीची भिंत पाणी असताना उभी राहते आणि ऊन लागल्यावर कोसळते. आधी बाहेरून फिरून बघा, फुगलेली किंवा भेगाळलेली असेल तर आत झोपू नका. मेन स्विच वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करू नका. अडगळीत हात घालण्याआधी काठीनं हलवा, कारण नाग-घोणस कोरड्या कोपऱ्यातच आसऱ्याला आलेले असतात. विहिरीत ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या, तोवर पाणी उकळून प्या. पायाला जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर काढू नका. दवाखान्यात गेल्यावर ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे आधी सांगा, म्हणजे डॉक्टर लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची) शंका वेळेत घेतील.