चार ग्लास मांडायच्या आधी

एक गोष्ट आधीच क्लिअर करून टाकतो, ही 'बसायची' तयारी नाही. बसायचं असेल तर बाटली, ग्लास आणि दोन जुने मित्र पुरतात, त्याला यादी कशाला लागते. ही तयारी आहे सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतल्या, मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्क्या, शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यात नेमका फरक कशाचा आहे हे ओळखायची, आणि यातलं निम्मं काम पहिला थेंब ओतायच्या आधीच होतं किंवा आधीच बिघडतं. माझं पहिल्या वेळी बिघडलंच होतं. हौसेने सहा बाटल्या मांडल्या, सुरुवात केली लाफ्रॉयगने, म्हणजे पीट जाळून त्या धुरावर बार्ली सुकवलेल्या धुरकट व्हिस्कीने, कारण तिचीच सगळ्यात जास्त उत्सुकता होती, आणि पुढच्या पाचही मला लाफ्रॉयगच्या धुरातूनच लागल्या. वहीत सहाच्या सहा ओळींत 'स्मोकी' लिहिलंय. त्यातली एक ऑकेनटॉशन होती, तीन वेळा डिस्टिल केलेली, स्कॉटलंडच्या लोलँड भागातली हलकीफुलकी माल्ट, जिच्यात धुराचा मागमूसही नसतो.

तर पहिलं काम, आठवडाभर आधी, प्रश्न ठरवा. म्हणजे आज आपल्याला काय शोधायचंय. 'पाच चांगल्या व्हिस्क्या' हा प्रश्न नव्हे, ती पार्टी. प्रश्न असा हवा की पिंपाने काय फरक पडतो, किंवा धुराने काय फरक पडतो, आणि मग बाटल्या अशा निवडा की तेवढी एकच गोष्ट बदलेल, बाकी होता होईल तेवढं सारखं राहील. माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात उत्तम सेट ग्लेनमॉरंजीचा. ओरिजिनल ही बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपातली, लासांटा तशीच पण शेवटचा काही काळ शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात घालवलेली, क्विंटा रुबान पोर्ट या पोर्तुगीज वाइनच्या पिंपात. डिस्टिलरी एक, उंच मानेचे पॉट स्टिल, म्हणजे डिस्टिल करायची तांब्याची भांडी, तेच, मूळ दारू तीच, त्यामुळे ग्लासात जो फरक जाणवतो त्याचं बरंचसं श्रेय लाकडाला देता येतं. धुराचा प्रश्न असेल तर आयला बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या दोन शेजारणी घ्या, बुनाहाव्हन १२ आणि कलीला १२. एकीत धूर जवळपास नाहीच, दुसरी चांगली धुरकट, आणि 'आयला म्हणजे धूर' हे डोक्यात बसलेलं समीकरण एका संध्याकाळी निघून जातं. कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीत तर एकाच छपराखाली तीन प्रकार बनतात, हेझलबर्न बिनधुराची आणि तीनदा डिस्टिल केलेली, लाँगरो भरपूर धुराची आणि दोनदा, आणि स्वतः स्प्रिंगबँक थोड्या धुराची आणि अडीचदा, हो अडीच, म्हणजे काही भाग दोनदा आणि काही तीनदा. सेट भारी आहे, सहसा तिन्ही ४६ टक्के अल्कोहोलच्या मिळतात हेही सोयीचं, पण लक्षात ठेवा की यात एकाच वेळी दोन गोष्टी बदलतायत, त्यामुळे निष्कर्ष काढताना जरा हात आखडता घ्या.

रीजनवरून, म्हणजे स्कॉटलंडच्या कुठल्या भागातली त्यावरून, सेट लावायचा मोह सगळ्यांना होतो. हायलँड, स्पेसाइड, लोलँड, आयला, कॅम्पबेलटाउन, ही पाच नावं स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांत आहेत, पण तो पत्ता झाला, चव नव्हे. मला हा सेट कंटाळवाणा वाटतो कारण त्यात सगळंच बदलतं आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. वयाचाही तसाच घोळ. लेबलवरचा वर्षांचा आकडा हा आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो, आणि एकाच डिस्टिलरीच्या १२ आणि १८ मध्ये पिंपांची जातसुद्धा बदललेली असू शकते, मग आपण वर्षं चाखतोय की शेरी हे कळायला मार्ग नाही.

संख्या चार. पाच झाल्या तर झाल्या, सहा नको. चौथ्यानंतर माझं नाक मला फसवायला लागतं आणि ते कळतही नाही हीच तर गंमत.

बाटल्या आठवड्याआधी तपासायचं आणखी एक कारण म्हणजे त्यांची अवस्था. परवा उघडलेली आणि दीड वर्षापासून तळाला चार बोटं उरलेली, या दोघींची तुलना ही तुलनाच नाही, उघड्या बाटलीत हवा जितकी जास्त तितकी चव बदलत जाते आणि धूर तर लवकर मवाळ होतो. कुठली कधी उघडली ते बाटलीवर छोटी चिठ्ठी लावून लिहायची सवय लावून घ्या. बाटल्या उभ्याच ठेवा, वाइनसारख्या आडव्या केल्या की कडक दारू बुचाला खाते. मित्राकडून सॅम्पल घेणार असाल तर काचेच्या छोट्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, नाव तिथल्या तिथे लिहून. 'मला आठवेल' म्हणून ठेवलेल्या तीन बिननावाच्या बाटल्या अजून माझ्या कपाटात आहेत.

आता टक्केवारी, जिच्याकडे लोक बघतच नाहीत. ४० टक्केवाली आणि ६० टक्केवाली कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून काढली तशी पाणी न घालता भरलेली, शेजारी ठेवली की दुसरी 'जास्त चवदार' वाटणारच, कारण तिच्यात सगळंच जास्त आहे. म्हणून एक सुई नसलेली सिरिंज आणा, एक ड्रॉपर आणा, आणि सगळ्या एका पातळीवर आणा. हिशोब सोपा आहे, किती मिली घेतली गुणिले तिचे टक्के, भागिले हवे ते टक्के, त्यातून मूळ मिली वजा. २० मिली, ६० टक्के, हवेत ४६, तर १२०० भागिले ४६ म्हणजे साधारण २६, म्हणजे ६ मिली पाणी. ४६ ची ४० करायला २० मिलीत ३ मिली. पण आधी एकदा बिनपाण्याची चाखा, मग पातळीवर आणा, दोन्हीची नोंद वेगळी करा. पाणी घालणं म्हणजे व्हिस्कीचा अपमान वगैरे काही नसतं, ब्लेंडिंग करणारे लोक वास घ्यायला ती साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं होतं की धुरकट वासाचा ग्वायाकोल नावाचा रेणू कमी टक्केवारीत पृष्ठभागाजवळ जमतो आणि टक्केवारी खूप वाढली की आत बुडतो. पाणी साधं, कमी क्षारांचं, खोलीच्या तापमानाचं. बर्फ नको, गार झालं की वास मिटतो आणि वासच तर बघायचाय. पाण्याने किंवा गारव्याने एखादी गढूळ झाली तर घाबरू नका, ती चिल फिल्टर, म्हणजे थंड करून गाळलेली, नाही एवढाच त्याचा अर्थ, माझ्या मते ते चांगलंच लक्षण.

ग्लास चारही एकसारखे हवेत, यात तडजोड नाही. २००१ पासून मिळणारा ग्लेनकेर्न सगळ्यांना माहितीय, खाली फुगीर वर निमुळता, तो नसेल तर शेरीचा कोपिता नावाचा ग्लास किंवा लहान ट्युलिप आकाराचा वाइन ग्लासही चालतो, फक्त रुंद तोंडाचा टंबलर नको, त्यातून सगळा वास खोलीला मिळतो आणि आपल्याला फक्त अल्कोहोल. आदल्या दिवशी गरम पाण्याने धुवा, साबण लावलाच तर तीनदा खळबळा, आणि सुकल्यावर रिकामा ग्लास हुंगून बघा. खरंच बघा. कपाटाचा वास, फडक्याचा वास, पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास, सगळं तिथे बसलेलं असतं. वर ठेवायला झाकणं हवीत, काचेची छोटी बशी चालते.

हुंगण्यावरून आठवलं, नाकाची उजळणी. ही माझी आवडती तयारी आणि तिला खर्च नाही. छोट्या वाट्यांमध्ये व्हॅनिला, मनुका, मध, दालचिनी, सुकं खोबरं, संत्र्याची साल, पिकलेलं केळं, एक विझवलेली काडी, जखमेला लावायचं आयोडीन असं काय काय ठेवा आणि आदल्या दिवशी डोळे मिटून ओळखायचा खेळ खेळा. खोबरं उगाच नाही, अमेरिकन ओकच्या लाकडातले लॅक्टोन नावाचे रेणू तसाच वास देतात, व्हॅनिलाही ओकमधूनच येतो, आणि विझलेल्या काडीचा वास कधीकधी शेरीच्या पिंपातून येतो कारण पिंपं टिकवायला गंधक जाळतात. एकदा हे नाकात बसलं की 'काहीतरी गोड' च्या पुढे जाता येतं. आणि शब्द आपलेच वापरा हो. लेबलवर काय लिहिलंय त्याची कॉपी करू नका, तुम्हाला शाळेच्या कंपासपेटीचा वास आला तर कंपासपेटी लिहा, पेन्सिल तासल्याचा तो लाकडी वास माझ्या वहीत दहा वेळा तरी आलाय आणि मला एका शब्दात अख्खा ग्लास आठवतो.

त्या दिवशी अत्तर नाही, डिओ नाही, सुगंधी हँडवॉश नाही, हे पाहुण्यांनाही आदल्या दिवशीच मेसेज करून सांगा, दारात सांगितलं की उशीर झालेला असतो. उदबत्ती, मेणबत्ती बंद, शेजारी काही तळत असेल तर खिडकी लावा. ब्रश करून लगेच बसू नका, मिंट सगळं खाऊन टाकतं, कॉफीही दोन तास आधीच संपवा. वेळ जेवणाआधीची पण रिकाम्या पोटी नव्हे, थोडं साधंसं खाऊन घ्या. चखणा आज सुट्टीवर, टेबलावर फक्त साधा पाव किंवा बिनमिठाची बिस्किटं आणि भरपूर पाणी.

लेबल झाकणं, हे तर करायलाच हवं. नाव दिसलं की जीभ ऐकत नाही, बाटली महाग असेल तर चव आपोआप खोल होते. कोणीतरी एकाने दुसऱ्या खोलीत ओतायचं, ग्लासच्या बुडाला नंबर, दुसऱ्याने जागा बदलायच्या. एकटेच असाल तर बुडाला चिठ्ठ्या लावून ट्रेवर डोळे मिटून फिरवा. रंगावर तर अजिबात जाऊ नका, स्कॉचमध्ये पाण्याशिवाय फक्त कॅरमेल रंग घालायला परवानगी आहे आणि तो घातला तर रंगावरून वयाचा काहीच पत्ता लागत नाही. आणि एक दुष्ट युक्ती, चारपैकी दोन ग्लासात एकच व्हिस्की ओतायला सांगा, कोणती ते तुम्हाला न सांगता. मी एकदा एकाच बाटलीतल्या दोन ग्लासांना ७ आणि ९ मार्क दिले, वर लिहिलं की दुसरी 'स्पष्टपणे जुनी'. तेव्हापासून मी मार्क देणं बंद केलंय, फक्त फरक लिहितो.

अर्थात पूर्ण आंधळं केलं की धुराची शेवटी असायची व्हिस्की पहिली येऊ शकते, म्हणून ओतणाऱ्याला एवढं सांगून ठेवा की बिनधुराच्या एका गटात, धुराच्या नंतरच्या गटात, आणि गटातल्या गटात जागा बदल. कास्क स्ट्रेंथ असेल तर ती त्या त्या गटात शेवटी. धुराचाच प्रश्न असेल त्या दिवशी गटच पडतात, तेव्हा मग एकाच गटातली एक दोनदा ओता, म्हणजे थोडी तरी परीक्षा होते.

ओतायची किती, तर १५ मिली, त्याहून जास्त लागत नाही. टक्के आणि पाण्याचा हिशोब करायचाच असेल तर २०. चार ग्लास १५ मिलीचे, ४६ टक्क्यांनी, म्हणजे २७ मिलीच्या वर शुद्ध अल्कोहोल झालं, हे डोक्यात असू द्या, थुंकायला एक कप ठेवा आणि तो वापरायची लाज बाळगू नका. गाडी कोणीच चालवणार नाही हे बोलवतानाच ठरलेलं बरं.

ओतून झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, ही दहा मिनिटं सगळ्यात अवघड. मग वास, ग्लास नाकात खुपसून नव्हे, हनुवटीपासून हळूहळू वर आणत, तोंड किंचित उघडं ठेवून, नाहीतर नुसतं झोंबतं आणि नाक बधिर होतं. वाइनसारखा गरागरा फिरवू नका. सगळ्या ग्लासांचा वास आधी, सगळ्यांची नोंद आधी, चव नंतर, कारण एकदा घोट घेतला की वास पहिल्यासारखा राहत नाही. मध्ये थकलात तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक परत जागेवर येतं. पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हायला, त्यावरून काही लिहू नका. बोलायचं मात्र नाही, एकजण 'सफरचंद' म्हणाला की सगळ्यांना सफरचंद लागतं, म्हणून वह्या भरून झाल्यावरच तोंडं उघडा आणि मग भांडा पोटभर.

आणि रात्री ग्लास धुवायला नेऊ नका. तसेच, नंबर लावलेले, टेबलावर राहू द्या. सकाळी अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाला सुकलेल्या थेंबात लाकूड, धूर, मनुका एकदम उघडे पडतात, रात्री ज्या दोन ग्लासांवरून वाद झाला ते सकाळी कधीकधी एका हुंग्यात वेगळे कळतात. ते वहीत त्याच पानावर खाली लिहा आणि मग धुवा, साबण कमी.